अश्रू हा पुरावा नाही

निर्वासितांची मुलाखत कशी घ्यायची, याचं नव्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण होतं आणि दुभाषी म्हणून मला बोलावलं होतं. तालमीत निर्वासित व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा शिकवणाऱ्या साहेबांनी चहाचे कप गोळा करणाऱ्या मावशींनाच खुर्चीत बसवलं.

"मावशी, काहीतरी रचून सांगा तुमच्या भाषेत," साहेब हसत म्हणाले.

मावशींनी ट्रे मांडीवर घेतला आणि सांगायला लागल्या. घर जाळलं. नवरा नदीपलीकडेच राहिला. धाकटी वाटेत गेली. बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं, इतक्या सपाट आवाजात. मी वाक्य न् वाक्य भाषांतर करत गेलो.

"लिहून घ्या," साहेब वर्गाला म्हणाले. "अश्रू हा पुरावा नाही. तेच तेच शंभरदा सांगून माणूस कोरडा पडतो. बोला, हिचा अर्ज मंजूर?"

वीसच्या वीस हात वर गेले, वर टाळ्याही पडल्या. "काय हुबेहूब केलंत, मावशी," म्हणत साहेबांनी आपला रिकामा कप त्यांच्या ट्रेमध्ये ठेवला.

मी बोलायला तोंड उघडलं. पण दुभाष्याला स्वतःचं वाक्य नसतं.



दोन वर्षांपूर्वी मावशींची हीच गोष्ट याच साहेबांना मीच भाषांतर करून सांगितली होती, आणि त्यांनी अर्जावर शेरा मारला होता: 'डोळ्यांत पाणी नाही. बनाव आहे. नामंजूर.'