बाराची भाकरी

बायकोच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली, त्या दिवशी शेजारच्या शेवंतावहिनी दामोदरपाशी रडल्या. “भाऊजी, दोन वर्षांमागं तपासणीच्या शिबिरात तिनं तिचा रांगेतला नंबर मला दिला नि घरी पळाली. म्हणाली, ‘ह्यांना बाराला गरम भाकरी लागते.’”

वहिनींची गाठ त्याच शिबिरात सापडली. त्या वाचल्या. बायको गेली.

आता रोज बाराला भिंतीपलीकडून वहिनींची नवऱ्याला हाक येते, “अहो, जेवायला या!” दामोदरचा जळफळाट होतो. शेजाऱ्यानं असं काय पुण्य केलं? वहिनी बाहेर गेल्या की तो तर शिळंसुद्धा मुकाट खातो!

काल लेकीचा सासरहून फोन आला. “बाबा, आईला होतं म्हणून डॉक्टरांनी मलाही तपासायला बोलावलंय. पण ह्यांना जेवण वेळेवर लागतं...”

दामोदर नुसता “बरं” म्हणाला. जावयाला फोन करायचा अजून राहिला आहे.