पेरणीपलीकडचे

"पेरणीपलीकडं पाह्याले शिका, पुंजाजी. तुमची नजर तिफणीच्या पुढं जातच नाई," अध्यक्ष उकंडराव म्हणाले आणि सारे संचालक मंडळ हसले.

पुंजाजी हसले नाहीत. सोसायटीच्या गोदामाची किल्ली त्यांच्या करगोट्याला होती, आणि गोदामात पहिल्या वेच्याची सरकी होती. दरसाल ते पहिल्या वेचणीचा कापूस नांदुऱ्याच्या जिनात वेगळा रेचून रुईपासून सरकी सुटी करून घेत, ती बियाण्यासाठी राखत आणि मृगाआधी सभासदांना वाटत. मृग दाराशी आला होता. यंदा मात्र ती सगळी सरकी एका तेलगिरणीला हवी होती, आणि उकंडरावांना त्या पैशातून सोसायटीच्या स्वतःच्या जिनाची कोनशिला हवी होती.

"पण अध्यक्षसाहेब, लोकायनं यंदा पेराचं काय?"

"सरकारी बियाणं येते न."

"कधी?"

"घ्या. आमी वीस वर्षांचं बोलून राह्यलो, अन् हे आठ दिवसांचं इचारतेत."

राज्य नवे होते. जिल्हा परिषदेच्या खुर्च्यांना अजून पॉलिशचा वास येत होता. अशा काळात उद्याविषयी विचारणारा मागासलेला ठरतो आणि वीस वर्षांविषयी बोलणारा द्रष्टा. कारण उद्याचा जाब उद्याच विचारला जातो, वीस वर्षांचा जाब विचारायला सहसा कोणी उरत नाही.

सरकी विकण्याच्या ठरावाला हात वर झाले. सर्वांत शेवटी पुंजाजींचाही झाला. आपलीच नजर आखूड असावी, असे त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटले.

गिरणीचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. उजाडताच पुंजाजी किल्ली द्यायला उकंडरावांच्या घरी गेले. अंगणात उकंडरावांच्या पत्नी शालूबाई कोपरापर्यंत बरबटलेल्या हातांनी शेणमातीत सरकी चोळत बसल्या होत्या. पेरताना दाणा दाण्याला चिकटू नये म्हणून पेरणीच्या तोंडावर घरोघरी हेच काम चाले. पुंजाजींनी खाली वाकून एक दाणा उचलला. टपोरा होता.

"वहिनी, हे कोणती सरकी?"

"पहिल्या वेच्याचीच हाय, भाऊजी. यायनं जिनातूनच परस्पर घरी आणली." शालूबाईंनी मनगटाने पदर सारखा केला. "म्हणे, यंदा गावात बी भेटाचं नाई, आपलं दोन सालाचं असू द्या. मागं तीन पोते अजून तशेच पडले. तुमच्या घरचं झालं काय चोळून?"

तेवढ्यात धोतराचा सोगा सावरत उकंडराव ओसरीवर आले आणि त्यांनी हात पुढे केला.

"आणली किल्ली?"

पुंजाजींनी करगोट्याकडे हात नेला, आणि किल्लीची गाठ आणखी एकदा आवळली.

"पेरणीपलीकडचं दिसलं, अध्यक्षसाहेब," ते म्हणाले. "आता मले पेरणी पाहू द्या."