रिकामी ट्रॉली

पटले सर ट्रॉलीचा फाळका दोन्ही हातांनी धरून बसले होते, तरी बी खाली-वर होऊनच राहिले होते. सकाळची गाडी हुकली म्हणून सालेकशातून डोमनलालच्या ट्रॅक्टरमागं चढले, अन् आता दरेकसा येईपर्यंत दात तोंडातच राहतील का नाही, याची त्यांना गॅरंटी नव्हती. शर्टाच्या खिशात फॉर्म होता. विज्ञान प्रदर्शनाले शाळेतून एकच नाव जाणार, अन् फॉर्म आज अकरा वाजता निघणार. नावाची जागा अजून कोरी.

समोर धानाच्या रिकाम्या चुंगड्यांवर, पोत्यांवर, डोमनलालची दुलारी बसली होती, नववीतली. बापासंग मिलवर धान टाकून परत येऊन राहिली होती.

कालच तिनं वर्गात मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता. रॉकेटचा खालचा मोठा भाग, बूस्टर, आपलं काम करून परत येते. बुडाकडून आग सोडत उभाच्या उभा उतरते, अन् उतरताना असा थरथरते का पाहणाऱ्याले घाम फुटावा. तो काऊन थरथरते, हेच तिचं मॉडेल. सरांनी एका दमात निकाल लावला होता, "थरथरते म्हणजे बिघडलं. बिघडलेल्या गोष्टीचं मॉडेल कायले न्यायचं?" अन् ज्वालामुखीवाल्या रिंकूचं नाव जवळपास पक्कं झालं.

"डोमनलालजी!" सर ओरडले. "ट्रॉली बिघडली का हो?"

डोमनलालनं मान बी वळवली नाही. "नाही जी सर. रिकामी हाये."

"रस्ता खराब म्हणा ना!"

"याच रस्त्यानं पहाटे चाळीस पोते नेले. तुम्ही वर बसून चाय पेली असती, थेंब नसता सांडला."

दुलारी म्हणाली, "सर, उतरताना बूस्टर बी रिकामाच राहते. सारं वजन तेलाचं होतं, ते वर जाता जाता जळून गेलं. राहिला नुसता डबा, अन् उतरण्यापुरतं थोडं तेल."

"डबा अन् ट्रॉली एक थोडीच असते!"

दुलारीनं पुढं रस्त्याकडं पाहिलं. पुढच्या फाट्यावर कोण उभं असते, हे तिले माहीत होतं.

फाट्यावर देवकाबाई अन् धान कापणाऱ्या नऊ-दहा बाया विळे घेऊन उभ्या होत्या. रिकामी ट्रॉली दिसली का हात दाखवायचा, इकडची रीतच हाये. "सरका ना मास्तर, सारी ट्रॉली तुमचीच हाये का?" म्हणत साऱ्या चढल्या. अन् ट्रॉली अशी गपगार झाली, जशी हेडमास्तर आल्यावर शाळा.

सरांनी फाळक्यावरचा एक हात सोडला. मग दुसरा.

"आत्तापर्यंत लय हालत होती ही," ते पुटपुटले.

"मंग डोमनलाल आमाले कायले बसवते? आमचं तोंड पाहून?" देवकाबाई म्हणाली. "आमी बसलो का चुप राहते ते."

साऱ्या हसल्या. दुलारी मुद्दाम रस्त्याकडच्या झाडांकडं पाहत होती.

आपलं वावर आलं तशा बाया उतरल्या. पुढं पहाडीचा उतार. डोमनलालनं गिअर कमी केला, एंजिन गुरगुरलं, अन् ट्रॉली अशी थडथडली का सर चुंगड्यांवर येऊन पडले.

"आता काऊन?"

"उतार हाये सर! एंजिनानं रोखून धरून राहिलो!"

"बूस्टर बी हेच करते सर!" दुलारी एका श्वासात सुटली. "खाली पडते, अन् खालच्याच एंजिनानं सोताले रोखते! खालून हवा थापडा मारते, आपलीच आग आपल्याच अंगावर येते. डबा रिकामा, त्यात जोराचं रोखणं, न हालून करन काय?"

"म्हणजे बिघडलेलं नसते?"

"बिघडलं असतं तं धाडकन पडलं असतं ना सर."

सर चुंगड्यांवरच सरळ बसले. मग तशा थडथडीतच खिशातून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला अन् पेन टेकवलं. 'दु' एका कोपऱ्यात गेला, 'ला' चौकटीबाहेर, 'री'ची वेलांटी थेट शाळेच्या नावावर जाऊन बसली.

"शाळेत गेल्यावर दुसरा फॉर्म भरतो, नीट अक्षरात," सर म्हणाले.

दुलारीनं वाकून पाहिलं.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "उतरून राहिलं ना नाव."