छान झालीय, मॅडम

"छान झालीय खिचडी, मॅडम," गवाणकर म्हणाले. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

मला हायसं वाटलं. मॅनेजर झाल्यापासून टीम माझ्याशी 'हो मॅडम'पलीकडे बोलत नव्हती. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, माणसांना बोलतं करा. म्हणून आज मुद्दाम केबिन सोडून सगळ्यांबरोबर जेवायला बसले, डब्यातली खिचडी आधी त्यांना वाढली आणि मग स्वतः घास घेतला.

ना मीठ, ना तिखट. हा तर लेकीचा डबा! म्हणजे माझी झणझणीत खिचडी पाळणाघरात गेली? लगेच फोन लावला.

"काही नाही हो ताई," तिथल्या मावशी हसत होत्या. "एक घास घेतला नि थू करून डबाच ढकलला तिनं. वरणभात भरवला, झोपलीय आता."

मी टेबलाकडे वळले. सगळे खाली बघत होते.

"माझी लेक तुमच्यापेक्षा बरी. तोंडावर सांगते तरी! मीठ नाही हे कळलं नाही तुम्हाला?"

"पहिल्याच घासाला कळलं," गवाणकर पुटपुटले, आणि एकदम हशा पिकला.

हसू ओसरल्यावर त्यांनी घसा खाकरला. "मॅडम, विषय निघालाच आहे म्हणून... शुक्रवारी सहाला मीटिंग असते ना, त्यात माझी गावची बस चुकते. दर वेळी."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत, 'सहाला चालेल ना?' आम्ही म्हटलं, छान."

मीटिंग तिथल्या तिथे तीनला आणली. तेव्हा कुठे कुणीतरी लोणच्याची बाटली माझ्याकडे सरकवली.