माणसांचं वजन

"शुक्रवारी दुपारी सगळ्यांनी मॅच बघायला यायचं," राजाभाऊंनी सांगितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

समोर सुतार, गवंडी, सळईवाले उभे होते. बहुतेक सगळे सातारा-सांगलीकडचे. गेलं वर्षभर ते आखातात, दोहा शहरातल्या एका कॉलेजचं जुनं फुटबॉल स्टेडियम वाढवत होते. स्टँड सत्तर सालच्या सुमाराचा, बुटका. कॉलेज मोठं झालं, पोरं वाढली, तेव्हा त्यावर आणखी एक मजला चढवायचं ठरलं. समुद्राच्या खाऱ्या हवेनं खांबांतल्या सळ्या गंजल्या होत्या. फुटलेलं काँक्रीट खरवडून काढलं, खांबांना नवा थर चढवला आणि त्यांच्याच डोक्यावर नवा मजला उभा केला. आता ओपनिंग तोंडावर आलं होतं.

मुकादम केरबानं एवढंच विचारलं, की समद्यांनीच यायचं का. स्टँड भरला पाहिजे, असं राजाभाऊ म्हणाले. केरबानं मान हलवली आणि माणसांना घेऊन तो कामाला लागला.

मॅच खरी होती. कॉलेजची पोरं सराव करणार होती. खोटं होतं ते आमंत्रण. जुन्या खांबांना नवा भार पेलतो की नाही याची लोड टेस्ट झाल्याशिवाय वर कुणालाही बसवायचं नाही, अशी कन्सल्टंटची अट होती. त्यासाठी वर वाळूची पोती रचायची आणि मजला किती वाकतो ते खालून मोजायचं. पण पोती भरून चढवण्यात ओपनिंगची तारीख टळली असती. प्रोजेक्ट मॅनेजर नसरुद्दीन हैदराबादचा, हुशार आणि घायकुतीला आलेला माणूस. तो म्हणाला, वाळू काय नि माणसं काय, वजन सारखंच. शिवाय माणसं आपल्या पायांनी चढतात आणि आपल्या पायांनी उतरतात. राजाभाऊ नाशिकचे, चांगले शिकलेले इंजिनिअर. त्यांना त्यावर पुष्कळ बोलता आलं असतं. पण हिशेब बरोबर आहे, मजला धरेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

शुक्रवारी माणसं आली ती आंघोळी करून, केसांना तेल लावून, इस्त्रीचे शर्ट घालून. केरबानं ट्रंकेतलं धोतर काढलं होतं, डोक्याला पांढरी टोपी होती. जणू लग्नाला निघाली होती सगळी. राजाभाऊंना त्यांच्याकडे बघवेना.

माणसं मुकाट्यानं जिना चढली. जागेसाठी कुणी ढकलाढकली केली नाही. पहिल्या ओळीपासून खांद्याला खांदा लावून बसत गेली. खाली खेळ सुरू झाला. थोड्या वेळानं गोल झाला, तरी वर एक टाळी वाजली नाही. एका म्हाताऱ्या गवंड्यानं डोळे मिटून घेतले होते आणि त्याचे ओठ हलत होते.

खाली खांबाशी उभा असलेला नसरुद्दीन चिडला. माणसं कमी आली होती, मागच्या ओळी रिकाम्या होत्या. बाकीचे कुठे आहेत ते बघायला राजाभाऊ वर गेले. त्यांची नजर बाजीरावला शोधत होती. हा सळईवाला फुटबॉलचा वेडा. काम सुटलं की कॅम्पमागच्या रेतीत अनवाणी खेळायचा. मॅच म्हटल्यावर तो सगळ्यांच्या पुढे असायला हवा होता. तो नव्हता. शहाजी नव्हता, श्यामही नव्हता. जे बसले होते त्यांच्यात तरणा असा कुणीच नव्हता.

"केरबा, बाजीराव कुठे आहे?"

"खोलीवर." केरबाची नजर मैदानावरच होती. "ज्यांची पोरं ल्हान हायत त्यांना खोलीवरच ठिवलंय, सायब. शहाजी लई हटून बसला हुता, म्या बी येतो म्हणून. न्हाई आणला."

राजाभाऊंना सगळं उमगलं. ते शेजारच्या रिकाम्या जागेवर बसले. स्टँड कशासाठी भरायचा हे यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते गंजलेले खांब यांनीच तर खरवडले होते. नाही म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी परतीच्या विमानात बसवतात, हेही त्यांना ठाऊक होतं. मग खोलीवर बसून त्यांनी आपसात ठरवलं होतं, कुणी जायचं आणि कुणी राहायचं. आणि जे जाणार होते ते आंघोळ करून आले होते.

खालून नसरुद्दीननं शिट्टी वाजवली. मजल्याला हादरा बसावा म्हणून आता सगळ्यांनी उठून एकदम उड्या मारायच्या होत्या. माणसं गुडघ्यांवर हात टेकून उठू लागली.

केरबानं राजाभाऊंच्या दंडाला हात लावला.

"तुमच्याकडं परवाच बारसं झालं, सायब. तुमी खाली जावा."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. इतर पोरांना बजावलं असेल तसंच त्यानं हेही सांगितलं.

राजाभाऊ उठले आणि कठड्याशी गेले. टेस्ट होणार नाही, पोती येतील तेव्हाच होईल, असं त्यांनी खाली ओरडून सांगितलं. नसरुद्दीननं हात उडवले, ओपनिंग टळलं तर जबाब कोण देणार म्हणून विचारलं. मी देईन, राजाभाऊ म्हणाले. उद्या आपल्याच हातात परतीचं तिकीट पडेल हे त्यांना कळत होतं. त्यांनी वळून माणसांना उतरायला सांगितलं. मग मागची ओळ निघाली, तिच्यामागून पुढची. एकमेकांना हात देत, पाय न आपटता माणसं उतरत राहिली.

स्टँड रिकामा झाला. केरबा जिन्याच्या तोंडाशी थांबला होता.

"चला, सायब."

"तुम्ही व्हा पुढं, केरबा," राजाभाऊ म्हणाले. "शेवटी मी उतरतो."