ज्याची त्याची माहिती

अकराव्या पानावर डेस्मंड रॅथवेलचं बोट थांबलं. "हे कोण म्हणालं?"

नावाच्या जागी काळी पट्टी होती. तिच्याखालचं वाक्य मात्र स्वच्छ वाचता येत होतं : 'जिन्यात त्याचं पाऊल वाजलं की पोटात गोळा यायचा.'

"नाव तुमची माहिती नाही, साहेब," समोर बसलेली ओडिल म्हणाली. "वाक्य तुमच्याविषयी आहे, म्हणून वाक्य तुमचं."

कागद वाचायला आलेल्याला एकटं सोडायचं नाही, असा नियम होता. एरवी तिला तो जाच वाटायचा. आज वाटत नव्हता.

ओटावातल्या त्या न्यायाधिकरणात सगळी मिळून सात माणसं. सरकारी खात्यातला गैरप्रकार उघड करणाऱ्या जागल्याला वरिष्ठांनी छळलं, तर त्याने दाद मागायची ती जागा. सरकारदरबारी आपल्याविषयी काय लिहून ठेवलंय ते पाहायचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिलेला, छळणाऱ्यालाही. असे अर्ज ओडिल हाताळायची. रॅथवेलचा अर्ज आला त्याच दिवशी तिने प्रमुखांना लेखी कळवलं होतं : 'तक्रारदार मार्त माझी सख्खी बहीण आहे.'

मार्तने पुलांच्या तपासणीचे खोटे अहवाल उघड केले, तेव्हा रॅथवेलने तिला चार वर्षं तळघरातल्या दप्तरखान्यात एकटीला बसवलं. चौकशीत खात्यातल्या सहकाऱ्यांनी गुप्तपणे जबान्या दिल्या आणि निकाल तिच्या बाजूने लागला, पण तोवर रॅथवेल निरोप समारंभाचा केक कापून निवृत्तही झाला होता. मार्त आता दारावरची बेल वाजली तरी उठत नाही.

प्रमुखांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. "दुसरं कोण आहे हे काम करायला? तूच आहेस आणि तूच आहेस. प्रत्येक पान इफेओमाच्या नजरेखालून जाऊ दे."

इफेओमा वकील, तरुण आणि सावध. पानं चाळता चाळता ती म्हणाली होती, "ओडिल, एवढं उघडं कशाला ठेवताय? परिच्छेदच्या परिच्छेद काळे करू. साक्षीदारही सुरक्षित, आपणही निवांत. आणि खरं सांगू? हे वाचणाऱ्याची दया येते हो."

"तुला येते. त्याच्याविषयीचं मत ही त्याची माहिती. कायद्यात तसंच आहे ना?"

"आहे. पण हे त्याच्या मुलीच्या लग्नातलं? यावरून माणूस ओळखू येईल."

"रॅथवेलनेच साक्षीत मिरवलं होतं, अख्खं खातं लग्नाला बोलावलं म्हणून. नव्वद माणसं. नव्वदांतला एक ओळखू येतो?"

इफेओमाने पेनाचं टोपण दातात धरलं. मग त्या ओळीखालून पेन फिरवलं. "नाही येत," शेवटी ती म्हणाली आणि तिने सही केली.

रॅथवेल आता त्याच ओळीवर आला होता. 'मुलीच्या लग्नात त्याला मिठी मारली, हसून फोटो काढले आणि घरी येऊन खाल्लेलं सगळं ओकून टाकलं.'

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग तो ओठ न हलवता बोटांवर एकेक नाव मोजायला लागला. एक हात संपला, दुसराही संपला.

"मिठी तर सगळ्यांनीच मारली होती," तो म्हणाला. "ऑफिसातल्या याच लोकांनी वर्गणी काढून मला होडी दिली. अजून दर रविवारी जेवायला येतात माझ्याकडे."

"येत असतील."

"तुम्हाला ठाऊक आहे कोण ते?"

"आहे."

"सगळी नावं?"

"एकूण एक."

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही... आपण भेटलोय का कधी?"

"नाही. मी मार्तची बहीण."

"म्हणजे हा सूड आहे. मी तक्रार करीन. गोपनीयता आयुक्तांकडे जाईन."

"जरूर जा. फॉर्म बाहेर टेबलावर आहे. पण तक्रार काय लिहिणार, साहेब? तुम्ही मागितलेलं सगळं मिळालं, ही?"

त्याने उठायला म्हणून खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि तसाच परत बसला. अजून बत्तीस पानं उरली होती. तो पुढचं पान उलटेना, हातातलं खाली ठेवेना. सकाळी घरून निघताना ओडिलला वाटलं होतं, याचा पडलेला चेहरा पाहून आपल्याला कुठेतरी वाईट वाटेल. ती वाट पाहत राहिली. वाटलं नाही.

टेबलावर त्याचा फोन थरथरला. पडद्यावर नाव उमटलं : 'गॉर्डन, ऑफिस'. सवयीने त्याचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. फोन वाजत राहिला.

"घ्या ना," ओडिल म्हणाली. "मित्राचा दिसतोय."