कोरा गाल

थोरलीने आणखी एक कागद टराटरा फाडला. गालाचा गुलाबी ओठांत शिरला होता, ओठांचा लाल हनुवटीवर ओघळला होता. आईच्या चेहऱ्याचा पार चिखल झाला होता.

"कागदच भिकार आहे," ती पुटपुटली.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" बाबा आरामखुर्चीतून म्हणाले. "तैलरंगात हात बसलेला माणूस जलरंगात कशाला कडमडतो गं? सोड हा पोरखेळ. न्यायाधीशबाईंचं पोर्ट्रेट तसंच पडलंय."

"त्यांचा झगा दुपारी करते," थोरली म्हणाली आणि तिने नवा कागद ताणून बसवला.

बाबांची पोर्ट्रेटं शहरभर टांगलेली होती. कोर्टात, कॉलेजात, मोठ्या दवाखान्याच्या जिन्यावर. लोकांच्या लेखी थोरली म्हणजे त्यांचे ब्रश धुणारी मुलगी.

तैलरंगात चुकलं की वर दुसरा थर चढवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाणी काही म्हणता काही झाकू देत नव्हतं. शिवाय इथे पांढरा म्हणजे कोरा कागदच. तो आधीपासून राखावा लागे, आणि थोरलीचा ब्रश नेमका तिथेच जाऊन धडके. महिनोन् महिने तिने नुसते कागद नासले.

"कशाला बाबांशी वाकडं घेतेस?" आई समजावायची. "येतंय तेवढं पुरत नाही का तुला?"

"नाही पुरत."

एका सकाळी आई खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. ऊन थेट तिच्या गालावर आलं होतं. थोरली भराभर रंगवत गेली आणि गालापाशी येऊन थांबली. तो तिने कोराच सोडला. भोवतीची सावली तेवढी ओली केली, पाण्याला वाट करून दिली आणि हात मागे घेतला. कागद वाळला, तेव्हा आईच्या गालावर ऊन होतं.

बाबा खुर्चीतून उठून कागदाशी आले. "जमलंय," ते म्हणाले. मग सवयीने त्यांनी बारीक ब्रश उचलला, उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं आणि सही करायला कागदाच्या कोपऱ्यावर वाकले.

हात कापायला लागल्यापासून त्यांना एवढंच जमत होतं. गेल्या कित्येक वर्षांतला एकूण एक चेहरा थोरलीने रंगवला होता, हुबेहूब त्यांच्या धाटणीत. कुणाला कधी शंकासुद्धा आली नव्हती.

ब्रश कागदावर टेकलाच नाही.

"हे माझ्या नावावर खपायचं नाही, पोरी."

थोरलीने त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला.

"म्हणून तर शिकले, बाबा."